लघवीत नाही, लिव्हरमध्ये नाही, मग प्रोटीन जातंय कुठे?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही आजारपणाचा. मोठा झालाय, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण, वय २९, सांगलीजवळ सासर. गेल्या गणपतीत तिच्या पायांना सूज आली. उकडीचे मोदक करायला दिवसभर उभी होती म्हणून असेल, असं सगळ्यांनी धरलं. दसऱ्यापर्यंत सूज गुडघ्याच्या वर चढली. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला मिनिटभर लागायचं. जोडवी बोटात रुतली, साबण-तेल सगळं लावून झालं, शेवटी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. सासूबाईंना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

फॅमिली डॉक्टर म्हणाले किडनी बघू. २४ तासांच्या लघवीत प्रोटीन ११० मिलिग्रॅम, म्हणजे नॉर्मल. मग लिव्हर बघितलं, तेही ठीक. हृदयाची टूडी एको ठीक. फक्त रक्तात अल्ब्युमिन १.४. खालची मर्यादा ३.५ असते. आहार वाढवा, अंडी खा, प्रोटीन पावडर घ्या, असं सांगून घरी पाठवलं.

दिवाळीपर्यंत पोटात पाणी झालं. तिचं वजन एरवी ४६, ते ५५ झालं. हात काडीसारखे आणि पोट पुढे. भाऊबीजेला आलेल्या एका आत्याबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "गोड बातमी ना?" ती उठून आत गेली. लग्नाला चार वर्षं झालीत, त्यामुळे तो प्रश्न कुठे लागला असेल ते बायकांना सांगायला नको.

पोटातलं पाणी काढून तपासलं. त्यात टीबीचं काही ठोस मिळालं नाही, पण "आपल्याकडे पोटात पाणी म्हणजे टीबीच" असं म्हणून एका मोठ्या दवाखान्यात एकेटी सुरू केली. दोन महिने केशरी लघवी आणि मळमळ. सूज तसूभर हलली नाही.

संक्रांतीनंतर एका तरुण एमडी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि तिलाच विचारलं, केस गळतात का? तोंड येतं का? थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का? तिन्हीला हो. तिन्ही गोष्टी वर्षभर होत्या, आणि त्या या सुजेबद्दल सांगायच्या असतात हे कुणाला सुचलंच नव्हतं. मग रक्ताच्या तपासण्या केल्या: एएनए पॉझिटिव्ह, डीएस-डीएनए पॉझिटिव्ह, सी३ कमी. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. आणि प्रोटीन जात होतं आतड्यातून, शौचावाटे. जुलाब एकदाही नाहीत! रोज सकाळी व्यवस्थित पोट साफ. म्हणूनच आतड्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

स्टेरॉईड सुरू होऊन तीन आठवडे झालेत. सूज किंचित उतरलीय, अल्ब्युमिन १.६. इथे कुणाला याचा अनुभव आहे का? मला जमेल तितकं समजून घ्यायचंय.

लाल_मिरची

वाचून कसंतरी झालं ताई. बहिणीला लवकर आराम पडो.
एक बाळबोध प्रश्न. प्रोटीन जातंय तर जास्त खाऊन भरून काढता येत नाही का? रोज सहा अंडी, डाळी, पनीर?

आडवाटेचा_डॉक्टर

प्रश्न बाळबोध नाही, बरेच डॉक्टरही तिथेच अडकतात.

खाल्लेलं प्रोटीन आणि रक्तातलं अल्ब्युमिन या दोन वेगळ्या गोष्टी. अंड्यातलं प्रोटीन पचून त्याचे तुकडे होतात, ते लिव्हरकडे जातात आणि लिव्हर त्यातून नवं अल्ब्युमिन विणतं. निरोगी लिव्हर दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन बनवतं. गरज पडली तर वेग वाढवतं, पण मर्यादेत. आतड्यातून त्याहून जास्त झिरपत असेल तर सहा काय, बारा अंडी खा. गिरणीत दळण कितीही टाका, जातं आपल्याच वेगाने फिरणार.

अल्ब्युमिनचं एक काम म्हणजे रक्तातलं पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवणं. ते घटलं की पाणी बाहेर पाझरतं. उभ्या माणसाच्या पायात उतरतं, मग पोटात, कधी फुप्फुसाभोवती.

अल्ब्युमिन कमी दिसलं की तीन दारं तपासायची. लिव्हर बनवत नाही का, किडनीतून जातंय का, आणि दोन्ही ठीक असतील तर आतडं. (भाजल्यावर कातडीतूनही जातं, पण ते समोर दिसतं.) हे तिसरं दार बऱ्याचदा उघडलंच जात नाही. कारण किडनीची गळती लघवीच्या साध्या तपासणीत कळते आणि शौचाची रोजची तपासणी प्रोटीन मोजतच नाही.

कृष्णाकाठची, शौचाची अल्फा-१ अँटीट्रिप्सिन ही तपासणी केली होती का?

कृष्णाकाठची

हो डॉक्टर, तीच! आणि तिची एक कथाच आहे.

सांगलीत होत नव्हती, नमुना मुंबईला जाणार होता. २४ तासांचं सगळं गोळा करायचं आणि गार ठेवायचं. लॅबवाल्याने पांढरा मोठा डबा दिला. बहिणीचं घर एकत्र, फ्रिज एकच, त्यात सासूबाईंचं सोवळंओवळं. दिवसभर डबा घरात आहे हे कळलं असतं तर काय झालं असतं देव जाणे. शेवटी भावजींनी थर्माकोलचा खोका आणला, आइसक्रीमच्या दुकानातून बर्फ आणला आणि तो खोका गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ठेवला. रात्री दोनदा बर्फ बदलायला उठले. माझं भावजींबद्दल फार बरं मत नव्हतं, त्या रात्रीपासून बदललं.

आडवाटेचा_डॉक्टर

भावजींना माझा नमस्कार सांगा.

ही तपासणी का चालते ते सांगतो. रक्तातून आतड्यात गळलेलं बाकीचं प्रोटीन पुढे पचून जातं, शौचात ओळखू येत नाही. अल्फा-१ अँटीट्रिप्सिन पाचकरसांनाच अडवणारं प्रोटीन आहे, त्यामुळे ते बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. रक्तात किती आणि शौचात किती हे एकत्र धरून गळतीचा अंदाज घेतात. गळती जठरात असेल तर मात्र तिथल्या आम्लात ते मोडतं आणि तपासणी फसू शकते. काही ठिकाणी टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य लावलेलं अल्ब्युमिन शिरेतून देऊन कॅमेऱ्याखाली ते पोटात कुठे उतरतं ते पाहतात. त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग लागतो, सगळीकडे नसतो.

जुनी_पाने

अवांतर, पण राहवत नाही. हा आजार एकेकाळी 'कारण न सापडणारी प्रोटीनची कमतरता' म्हणून ओळखला जायचा. लिव्हर पुरेसं प्रोटीन बनवत नसणार असाच समज होता. १९५९ साली अमेरिकेत गॉर्डन यांनी किरणोत्सारी आयोडीन लावलेलं पीव्हीपी नावाचं संयुग अशा रुग्णांच्या शिरेत दिलं. ते पचत नाही. मग शौचात मोजलं, तर निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त सापडलं. म्हणजे दोष कारखान्याचा नव्हताच, गळक्या नळाचा होता. १९६१ मध्ये वाल्डमन यांनी अशा काही रुग्णांच्या आतड्यातल्या लसवाहिन्या (लिम्फ नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) फुगलेल्या असतात हे दाखवलं. त्यांचं नाव आजही त्या आजाराला आहे.

साठ-पासष्ट वर्षांनीही आपण आधी लिव्हरकडेच बोट दाखवतो, याची गंमत वाटली.

शंकेखोर

ताईंच्या लिहिण्यावर शंका नाही, निदानावर आहे. दोन महिने एकेटी झाली म्हणता. त्यातल्या आयसोनियाझिड या टीबीच्या औषधामुळेही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते ना? औषधाने झालेला ल्युपस म्हणतात त्याला. मग हे सगळं औषधाचंच नसेल कशावरून?

आडवाटेचा_डॉक्टर

चांगली शंका, मलाही पहिली हीच आली होती. पण औषधाने होणाऱ्या ल्युपसमध्ये सहसा डीएस-डीएनए निगेटिव्ह असते आणि सी३ नॉर्मल. इथे दोन्ही उलट आहे. शिवाय केस, तोंड आणि बोटं हे एकेटीच्या आधीपासूनचं, आणि सूजही.

टीबीची शंका घेणं चूक नव्हतं, हेही नोंदवतो. आतड्याच्या टीबीतही प्रोटीन गळतं. हृदयाभोवतीचं आवरण टीबीने आवळलं तरी आतड्यातून गळतं, म्हणून एको नीट बघावी लागते. चूक झाली ती दोन महिन्यांत काहीच फरक नाही हे दिसल्यावर पुन्हा विचार न करण्यात.

फुलपाखरू_८४

कृष्णाकाठची ताई, मला ल्युपस आहे, बारा वर्षं. माझा किडनीत गेला, बहिणीचा आतड्यात. हा आजार घरातल्या वांड पोरासारखा असतो, आज या खोलीत पसारा, उद्या त्या. नाकावर आणि गालांवर फुलपाखरासारखी लाली येते म्हणून माझं हे टोपणनाव.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केली असेलच. ती गोळी कंटाळवाणी वाटते, उतारा लगेच दिसत नाही, पण तीच सोडू नका. डोळे मात्र सुरुवातीला तपासून घ्या, नंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनावर चालते असं पसरलं आणि ही गोळी दुकानांतून गायब झाली. मी तीन आठवडे अर्धी-अर्धी करून घेतली. ज्यांना तिची गरज नव्हती त्यांच्या कपाटात पडून होती, हा राग अजून गेलेला नाही.

आवळासरबत

माझं मत कुणाला पटणार नाही, तरी सांगते. स्टेरॉईडने चेहरा सुजतो, हाडं पोकळ होतात, साखर वाढते. माझ्या मावसबहिणीने एका वैद्यांच्या सांगण्यावरून सगळं एका दिवसात बंद केलं, आता ठणठणीत आहे. पथ्य पाळा, गहू बंद करा, आतडं आपोआप सुधारतं.

फुलपाखरू_८४

मीही बंद केलं होतं, चौथ्या वर्षी, स्वतःच्या मनाने. पाचव्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले, बीपी लागेना. बाहेरून स्टेरॉईड मिळत असेल तर शरीरातल्या ग्रंथी ते बनवायचं सोडून देतात. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून डोस पायरी-पायरीने उतरवायचा. तुमच्या बहिणीचं नशीब थोर. आयसीयूतल्या पलंगावरून दिसणारं छत कसं असतं ते मला माहीत आहे.

आडवाटेचा_डॉक्टर

गव्हाबद्दल थोडं. गव्हाने होणारा सिलिअॅक हाही प्रतिकारशक्तीचाच घोटाळा, आणि त्यातही प्रोटीन गळू शकतं. पण त्याची रक्ततपासणी आणि लहान आतड्याच्या तुकड्याची तपासणी असते. ती गहू चालू असतानाच करायची. आधीच गहू बंद केला तर निदान हुकतं.

स्टेरॉईडच्या आधीचं एक, जे आपल्याकडे विसरलं जातं. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत वर्षानुवर्षं निमूट राहू शकतो. स्टेरॉईडने प्रतिकार उतरला की तो अंगभर पसरतो आणि जीवावर बेततं. गंमत म्हणजे हा जंत स्वतःही प्रोटीन गळवू शकतो. भातशेतीतल्या रुग्णाला मी ती तपासणी, नाहीतर आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिल्याशिवाय मोठा डोस सुरू करत नाही.

कृष्णाकाठची

@आडवाटेचा_डॉक्टर, सिलिअॅकची तपासणी झाली, नॉर्मल. दुर्बिणीत आतडंही वरून छान दिसलं, तुकड्यात फक्त सूज आणि फुगलेल्या लसवाहिन्या. जंताचं औषध दिलं होतं, का दिलं ते आज कळलं!

अजून एक विचारायचंय. रिपोर्टमध्ये कॅल्शियम ७.० आलंय, लाल अक्षरात. सासरच्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी लगेच कॅल्शियमची इंजेक्शनं घ्या म्हणून सांगितलं. घ्यायची?

आडवाटेचा_डॉक्टर

थांबा. रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. अल्ब्युमिनच कमी तर एकूण आकडा कमी दिसणारच. ढोबळ हिशेब असा: अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणायचं आणि आलेला आकडा कॅल्शियममध्ये मिळवायचा. तिचं आता १.६ आहे, म्हणजे २.४ गुणिले ०.८, १.९२. कॅल्शियम झालं ८.९. ठीकच आहे. तरी इतक्या कमी अल्ब्युमिनला हा हिशेब कच्चा पडतो, आणि आतड्याच्या आजारात ड जीवनसत्त्वही घटतं, म्हणून आयोनाइज्ड, म्हणजे कशाला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम एकदा तपासून घ्या. हातापायांत मुंग्या किंवा पेटके असतील तर मात्र आजच डॉक्टरांना सांगा.

दुसरं, या रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. एकाच पायाची सूज अचानक वाढली, पोटरी दुखली, किंवा दम लागला तर इथे विचारत बसू नका, गाडी काढा.

कोकणी_कावळा

इतकं गंभीर चाललंय तर माझी लुडबुड. कुठेतरी वाचलं की या आजारात एमसीटी (आखूड घटकांच्या चरबीचं) तेल देतात आणि ते नारळात असतं. मग खोबरेल तेलात केलेली माशाची आमटी हे औषधच की! आमच्या आजीला उगाच नावं ठेवली.

आडवाटेचा_डॉक्टर

आजीला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण बाटलीतलं एमसीटी तेल म्हणजे खोबरेल नव्हे. नेहमीची चरबी पचल्यावर लसवाहिन्यांतून जाते, त्यांच्यावरचा दाब वाढतो, गळतीही वाढते. एमसीटीतले आखूड घटक थेट रक्तात जातात, लसवाहिन्यांना बगल देऊन. खोबरेलात ते थोडे आहेत, पण सर्वांत मोठा वाटा लॉरिक आम्लाचा, आणि ते बरंचसं नेहमीच्याच वाटेने जातं. लसवाहिन्यांचा मूळ आजार असेल तिथे हा आहार मुख्य उपचार असतो. ल्युपसमध्ये मुख्य उपचार प्रतिकारशक्तीला आवर घालण्याचा, आहार जोडीला. आमटी खा, औषध समजून नको.

हडसनपार

न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्या मुलाला ल्युपस नाही, जन्मतः हृदयाचा एकच कप्पा कामाचा होता. फोंटान ऑपरेशन झालं, आणि सातव्या वर्षी हाच प्रकार, पापण्या सुजलेल्या, अल्ब्युमिन २ च्या खाली. त्या ऑपरेशननंतर शिरांतला दाब चढा राहतो, त्यातून काही मुलांना हे होतं. आतडं तेच, कारण निराळं.

लिहायचं कारण वेगळं. या गळतीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रोटीनंही जातात, प्रतिकार उतरतो. वर तुमच्याकडे स्टेरॉईड. लसींचं आधी विचारून घ्या, जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत. आणि अल्ब्युमिनच्या बाटल्यांवर भिस्त ठेवू नका. २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतं. चढवली की दोन दिवस पोरगा टवटवीत, मग पुन्हा तेच. अडीअडचणीला ठीक. तुमच्याकडे तर पैसे खिशातून जातात.

कृष्णाकाठची

खरंय. आमच्या चार बाटल्या झाल्या आणि भावजींच्या एका पगाराचा चुराडा झाला. चौथ्या दिवशी आकडा होता तिथेच.

सगळ्यांना धन्यवाद. सविस्तर सवडीने लिहीन.

लाल_मिरची

वाचनखूण साठवली. माझ्या काकूंचं अल्ब्युमिन २.३ आहे, वर्षभर 'अशक्तपणा' म्हणून टॉनिक चालू आहे. लघवीचा रिपोर्ट काढायला सांगते. डॉक्टर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

कृष्णाकाठची

(चार महिन्यांनी)

धागा वर काढतेय.

अल्ब्युमिन १.६ वरून २.१, मग २.९, परवा ३.४. वजन ४५. स्टेरॉईड ४० मिलिग्रॅमवर सुरू झालं होतं, आता १० वर आहे. चेहरा गोल झालाय, आरशावर टॉवेल टाकून ठेवते. दीड महिन्यानंतर गाडी मध्येच अडली होती म्हणून प्रतिकारशक्ती आवरणारं अझाथायोप्रिन जोडलं. आधी डॉक्टर त्याच कामाचं मायकोफेनोलेट म्हणत होते, पण तिने स्वतः विचारलं की पुढे मूल हवं असेल तर? त्यावर त्यांनी बदललं.

@फुलपाखरू, तुम्ही फोनवर तिच्याशी तासभर बोललात. काय बोललात ती सांगत नाही. पण त्यानंतर तिने बँकेतली रजा संपवली आणि रुजू झाली.

फुलपाखरू_८४

आम्ही टोप्यांबद्दल बोललो. ऊन सोसत नाही ना आम्हाला. आणि सासूबाईंबद्दल.

मायकोफेनोलेटचं विचारलंत ते उत्तम केलंत, गरोदरपणात ते चालत नाही. अझाथायोप्रिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवता येतात. पण आजार किमान सहा महिने शांत असल्याशिवाय दिवस राहू देऊ नका. रक्तातली अँटी-रो ही अँटीबॉडी तपासली का? ती पॉझिटिव्ह असेल तर पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात.

कृष्णाकाठची

तपासली, पॉझिटिव्ह आहे. डॉक्टरांनी समजावलंय. सध्या घाई नाही, आणि हे तिने आत्याबाईंना तोंडावर सांगितलं.

परवा सोनाराकडे गेलो होतो. कापलेली जोडवी त्याने जपून ठेवली होती, कागदाच्या पुडीत, वर नाव लिहून. तीच चांदी आटवून नवी केली. त्याने जुन्या मापाने घडवली, तर बोटातून सुटून पडली. पुन्हा लहान करून घेतली.

कोकणी_कावळा

आत्याबाईंचा चेहरा बघायला मिळाला असता तर. सांगलीला आलो की भडंग न्यायला येतो, भावजींना भेटायचंय. त्या बर्फाचे पैसे कुणी दिले की नाही त्यांना?